रॅम घेण्याआधी: तुमच्या मदरबोर्डला चालणारी मेमरी कशी निवडावी

पहिल्यांदा स्वतः पीसी असेंबल करणारे बहुतेक जण प्रोसेसर आणि ग्राफिक्स कार्डावर आठवडे घालवतात आणि रॅम शेवटच्या दिवशी, सवलत बघून उचलतात. नंतर स्क्रीन काळीच राहिली की संशय सगळ्यांवर घेतला जातो, फक्त रॅमवर नाही. काही पीसी स्वतः जोडून आणि इतरांचे अडलेले सोडवून झाल्यावर मी रॅमबद्दल तीन प्रश्न कायम वेगवेगळे विचारते. ती स्लॉटमध्ये बसेल का? बसली तर संगणक सुरू होईल का? आणि सुरू झाला तर डब्यावर छापलेल्या वेगाने ती चालेल का? एकाचं उत्तर 'हो' आलं म्हणून पुढच्याचंही 'हो' येतंच असं नाही. खालच्या पायऱ्या याच क्रमाने आहेत.

आधी हाताशी काय हवं

- मदरबोर्डचं पूर्ण मॉडेल नाव, शेवटच्या अक्षरासकट. रिव्हिजन नंबर असेल तर तोही.
- त्याच बोर्डचं मॅन्युअल, पीडीएफ चालेल. त्यातलं रॅम बसवण्याचं पान उघडून ठेवा.
- बोर्डच्या कंपनीने तपासलेल्या मेमरीची यादी. तिला क्यूव्हीएल म्हणतात आणि ती बोर्डच्या सपोर्ट पानावर मिळते.
- प्रोसेसरचं पूर्ण नाव आणि कंपनीने दिलेली त्याची मेमरीची मर्यादा.
- एअर कूलर घेणार असाल तर त्याखाली रॅमसाठी किती उंची सुटते तो आकडा.
- एक रिकामा पेन ड्राइव्ह. बायोस (बोर्डातला, संगणक सुरू करणारा प्रोग्रॅम) अपडेट आणि मेमरीची चाचणी, दोन्हींसाठी लागेल.

१. आधी पिढी ठरवा, आणि ती बोर्डावरून ठरवा

डीडीआर४ आणि डीडीआर५ एकमेकांच्या स्लॉटमध्ये बसत नाहीत. दोन्हींच्या डेस्कटॉप स्टिकला २८८ पिनाच असतात आणि लांबीही सारखीच, त्यामुळे फोटोत फरक कळत नाही. फरक खालच्या खाचेच्या जागेत आहे. स्टिक जात नसेल तर जोर लावू नका, बहुधा पिढी चुकली आहे.

सॉकेटवरून, म्हणजे बोर्डावर प्रोसेसर बसतो त्या जागेवरून, बरंचसं कळतं. एएमडीचं एएम४ सॉकेट म्हणजे डीडीआर४, एएम५ म्हणजे डीडीआर५. तिथे गोंधळाला जागा नाही. इंटेलच्या कोअर अल्ट्रा २०० डेस्कटॉप प्रोसेसरचं एलजीए१८५१ सॉकेटही फक्त डीडीआर५ घेतं, तर दहाव्या आणि अकराव्या पिढीचं एलजीए१२०० डीडीआर४.

खरा सापळा एलजीए१७०० मध्ये आहे. इंटेलच्या १२व्या, १३व्या आणि १४व्या पिढीच्या प्रोसेसरांना दोन्ही प्रकार चालतात. पण बोर्डावर साधारणपणे एकाच प्रकारचे स्लॉट असतात. म्हणजे प्रोसेसरच्या माहितीपत्रकात 'डीडीआर४ आणि डीडीआर५' असं वाचून तुम्ही निर्धास्त होता, आणि निर्णय मात्र बोर्डाने आधीच घेतलेला असतो. त्यातून बी७६० चिपसेटच्या (चिपसेट म्हणजे बोर्डाची मुख्य नियंत्रक चिप) एकाच बोर्डाची दोन रूपं बाजारात असतात आणि नावात फरक फक्त शेवटच्या 'डी४' किंवा 'डीडीआर४' या शब्दाचा. हे शेपूट ऑनलाइन यादीत अनेकदा कापलं जातं. म्हणून कार्टमध्ये टाकण्याआधी बोर्डच्या कंपनीच्या पानावर जाऊन मेमरीची ओळ स्वतः वाचा.

२. स्टिकचा प्रकार

डेस्कटॉपसाठी हवी असते लांब स्टिक, म्हणजे यूडीआयएमएम. लॅपटॉपची आखूड स्टिक म्हणजे एसओ-डीआयएमएम. ही काही छोट्या आयटीएक्स बोर्डांत आणि मिनी पीसीत लागते, नेहमीच्या बोर्डात नाही.

सर्व्हरमधून निघालेली स्वस्त रॅम दिसली की मोह होतो. तिच्यावर 'रजिस्टर्ड' किंवा 'आरडीआयएमएम' लिहिलेलं असेल तर सोडून द्या. डीडीआर४ मध्ये ही स्टिक घरगुती बोर्डाच्या स्लॉटमध्ये व्यवस्थित बसते, क्लिकही होते, फक्त संगणक सुरू होत नाही. डीडीआर५ मध्ये खाचच वेगळ्या जागी ठेवल्यामुळे ती आत जातच नाही.

'ईसीसी' म्हणजे मेमरीतली चूक पकडून दुरुस्त करण्याची सोय. त्या शब्दाबद्दल एक खुलासा. डीडीआर५ च्या जाहिरातीत 'ऑन-डाय ईसीसी' लिहिलेलं असतं. ते प्रत्येक चिपच्या आत होणारी चूक चिपमध्येच दुरुस्त करतं. चिपपासून प्रोसेसरपर्यंतच्या वाटेवरची चूक त्यातून पकडली जात नाही. त्यासाठी खरी ईसीसी स्टिक, आणि तिला साथ देणारा प्रोसेसर व बोर्ड, असं तिन्ही लागतं. घरच्या वापराला साधी स्टिक पुरते.

सीयूडीआयएमएम हा नवा प्रकार यादीत दिसला तर: त्यात घड्याळाचा सिग्नल स्वच्छ करणारी एक जादा चिप असते आणि तिचा फायदा मुख्यतः एलजीए१८५१ वर, फार चढ्या वेगाला होतो. तुमचं सॉकेट वेगळं असेल तर त्यासाठी जास्त पैसे देऊ नका.

३. किती जीबी, आणि किती स्टिकमध्ये

ऑफिसचं काम, ब्राउझर, अभ्यास यांना १६ जीबी पुरते. गेमिंग, फोटो एडिटिंग, प्रोग्रॅमिंग असेल तर आज ३२ जीबी घ्या. व्हिडिओ एडिटिंग, थ्रीडी किंवा व्हर्च्युअल मशीन चालवणार असाल तर ६४ जीबीचा विचार करा. हा भाग सोपा आहे. लोक चुकतात ते ही जीबी किती स्टिकमध्ये विभागायची यात.

घरगुती प्रोसेसर मेमरीशी दोन चॅनलमधून बोलतो. एकच स्टिक लावली तर एक चॅनल रिकामा राहतो आणि बँडविड्थ निम्मी होते. ग्राफिक्स कार्ड न घेता प्रोसेसरमधल्याच ग्राफिक्सवर गेम खेळणार असाल तर हा फरक डोळ्यांना दिसतो, कारण ते ग्राफिक्स हीच मेमरी वापरतं. म्हणून १६ जीबीची एक स्टिक घेण्यापेक्षा ८ जीबीच्या दोन घ्या. ३२ साठी १६ च्या दोन.

मग चार का नको? बोर्डावर चार स्लॉट आहेत आणि चारही भरले की छान दिसतं, हे खरं. पण चार स्टिक म्हणजे प्रोसेसरमधल्या मेमरी कंट्रोलरवर दुप्पट भार. डीडीआर५ मध्ये तो फार जाणवतो. रायझन ७००० मालिकेसाठी एएमडीने स्वतः दिलेला आकडा पाहा: दोन स्टिक असतील तर ५२०० चा वेग, चार असतील तर ३६०० चा. याहून जास्त वेगाने चार स्टिक चालतातही, पण ती तुमच्या प्रोसेसरच्या नमुन्यावर आणि बोर्डावर सोडलेली गोष्ट झाली. म्हणून 'आत्ता दोन घेऊ, पुढच्या वर्षी आणखी दोन लावू' हा बेत डीडीआर५ मध्ये करू नका, असं मी प्रत्येकाला आग्रहाने सांगते. पुढे ६४ लागणार याची खात्री असेल तर आजच ३२ च्या दोन घ्या.

दोन्ही स्टिक एकाच पाकिटातल्या, म्हणजे एकाच किटच्या असाव्यात. किटमधल्या स्टिक कंपनीने एकत्र तपासलेल्या असतात. त्याच नावाची दुसरी स्टिक नंतर वेगळी घेतली तर तीच वस्तू मिळेल याची हमी नाही. कंपन्या नाव आणि डबा तोच ठेवून आतल्या चिप बदलतात. काही जण लेबलवर व्हर्जन नंबर देतात, त्यावरून ते कळतं.

जुन्या पीसीत रॅम वाढवणाऱ्यांनी आधी सीपीयू-झेड हा मोफत प्रोग्रॅम चालवावा. त्यातल्या 'एसपीडी' टॅबमध्ये प्रत्येक स्लॉटमधल्या स्टिकचा पार्ट नंबर, आकार, रँक (स्टिकवरच्या चिपचे गट) आणि वेग दिसतो. तोच पार्ट नंबर मिळाला तर उत्तम. नाही मिळाला तर निदान पिढी, आकार आणि रँक जुळवा. वेग वेगळे असले तर सगळ्या स्टिक सर्वांत मंद स्टिकच्या चालीने चालतात. ८ आणि १६ अशी विषम जोडीही बहुतेक वेळा चालते, फक्त वरचा उरलेला भाग एकाच चॅनलवर राहतो.

आणखी एक मर्यादा तपासा: बोर्ड एकूण किती आणि एका स्लॉटमध्ये किती जीबी घेतो. २४ आणि ४८ जीबीच्या डीडीआर५ स्टिक २०२३ मध्ये बाजारात आल्या. त्याआधीचा बायोस असलेले बोर्ड त्यांना ओळखत नाहीत, म्हणून आधी बायोस अपडेट करून मगच त्या लावायच्या.

४. वेगाचे आकडे वाचायला शिका

डब्यावर '६०००' लिहिलेलं असतं. लोक त्याला मेगाहर्ट्झ म्हणतात, पण तो सेकंदाला होणाऱ्या मेगाट्रान्सफरचा आकडा आहे. घड्याळाच्या एका ठोक्यात डेटा दोनदा जातो, म्हणून खरं घड्याळ त्याच्या निम्मं. सीपीयू-झेडमध्ये ३००० दिसलं म्हणून फसवणूक झाली असं समजू नका, ते बरोबर आहे. काही लेबलांवर 'पीसी४-२५६००' किंवा 'पीसी५-४८०००' असं लिहितात. त्याला ८ ने भागा: ३२०० आणि ६०००.

दुसरा आकडा सीएल, म्हणजे माहिती मागितल्यापासून ती मिळेपर्यंत जाणारे घड्याळाचे ठोके. तो सुटा वाचू नका. सीएलला २००० ने गुणून वेगाने भागलं की प्रत्यक्ष विलंब नॅनोसेकंदात मिळतो. डीडीआर४ ३२०० सीएल१६ म्हणजे १० नॅनोसेकंद. डीडीआर५ ६००० सीएल३० म्हणजेही १०. तेच ६००० सीएल४० असेल तर १३ च्या थोडं वर. म्हणजे सीएल १६ वरून ३० झाला म्हणून मेमरी मंदावली असं होत नाही, आणि एकाच वेगाच्या दोन किटमध्ये मात्र कमी सीएल असलेली नक्की चपळ.

आता सर्वांत महत्त्वाचं. डब्यावरचा वेग स्टिक लावली की आपोआप मिळत नाही. स्टिक आधी प्रमाणित, सुरक्षित वेगाने सुरू होते: डीडीआर५ असेल तर बहुधा ४८०० किंवा ५६००, डीडीआर४ असेल तर २१३३ ते ३२०० च्या दरम्यान. डब्यावरचा आकडा स्टिकच्या आत प्रोफाइल म्हणून साठवलेला असतो आणि तो बायोसमध्ये जाऊन चालू करावा लागतो. इंटेलच्या पद्धतीच्या प्रोफाइलला एक्सएमपी म्हणतात, एएमडीच्या डीडीआर५ साठीच्याला एक्सपो. एएम५ बोर्ड घेत असाल तर एक्सपो लिहिलेली किट निवडा. एक्सएमपीवालीही पुष्कळदा चालते, पण मग जुळवाजुळव बोर्डावर येते.

हे प्रोफाइल म्हणजे अधिकृत अर्थाने ओव्हरक्लॉकिंग. प्रोसेसरची अधिकृत मर्यादा वेगळी आणि कमी असते: इंटेलच्या १३व्या-१४व्या पिढीला डीडीआर५ साठी ५६०० पर्यंत, रायझन ७००० ला ५२००, रायझन ९००० ला ५६००. शिवाय काही चिपसेट मर्यादेच्या वर जाऊच देत नाहीत. इंटेलचा एच६१० त्यातलाच. अशा बोर्डासाठी ६४०० ची किट घेणं म्हणजे न मिळणाऱ्या वेगाचे पैसे भरणं.

मग कुठे थांबायचं? एएम५ वर ६००० सीएल३० ही माझी पहिली पसंती. त्याच्या फार पुढे गेलं की मेमरी कंट्रोलर निम्म्या चालीवर टाकावा लागतो आणि मिळवलेलं हातातून जातं. एएम४ वर ३६००, तेवढी जमत नसेल तर ३२०० सीएल१६ चांगली. एलजीए१७०० वर डीडीआर४ असेल तर ३२०० ते ३६००, डीडीआर५ असेल तर ५६०० ते ६०००. ७२००, ८००० या आकड्यांच्या मागे पहिल्या पीसीत लागू नका. ते चालवायला निवडक बोर्ड आणि बरीच सहनशीलता लागते.

५. क्यूव्हीएलमध्ये पार्ट नंबर शोधा

रॅमचं विक्रीचं नाव विसरा, पार्ट नंबर कॉपी करा. एकाच नावाखाली वेगवेगळे वेग, सीएल आणि आकार असतात, पार्ट नंबर मात्र प्रत्येकाचा वेगळा. तो बोर्डच्या क्यूव्हीएलमध्ये शोधा. यादी उघडताना प्रोसेसरची मालिका बरोबर निवडा, एएम५ बोर्डांना बहुधा मालिकेनुसार वेगवेगळ्या याद्या असतात.

सापडला की ओळ पूर्ण वाचा. शेवटच्या रकान्यांत ती किट एक, दोन की चार स्लॉटमध्ये तपासली ते दिलेलं असतं. '२' वर खूण आणि '४' रिकामा, असं खूप वेळा दिसेल.

नाही सापडला तर ती चालणारच नाही असा अर्थ होत नाही, बोर्ड कंपन्या प्रत्येक किट तपासू शकत नाहीत. अशा वेळी उलट्या बाजूने जा: किंगस्टन, कोर्सेअर, जी.स्किल यांच्या साइटवर बोर्डचं नाव टाकून चालणाऱ्या किट शोधता येतात. दोन्हीकडे नसेल तर दुसरी किट बघा, पर्याय भरपूर आहेत.

६. उंची

साध्या स्टिकची उंची साधारण ३१ मिमी. वर धातूचं कवच आणि आरजीबी दिव्यांची पट्टी आली की ती ४० मिमीच्या पुढे जाते. मोठा टॉवर कूलर रॅमच्या स्लॉटवर झुकतो. नोक्टुआच्या एनएच-डी१५ खाली दोन्ही पंखे जागेवर असताना ३२ मिमीच सुटतात. पंखा वर सरकवता येतो, पण मग कॅबिनेटची बाजू बंद होईल का ते मोजावं लागतं. लिक्विड कूलरला हा प्रश्न सहसा येत नाही.

७. बसवणं

पॉवर सप्लायचा स्विच बंद करून वायर काढा, कॅबिनेटच्या उघड्या धातूला हात लावा, मग स्टिक कडांना धरून उचला. सोनेरी पिनांना बोटं लावू नका. मोठा एअर कूलर असेल तर रॅम त्याच्या आधी बसवा.

चार स्लॉटच्या बोर्डावर दोन स्टिक बहुतेक सर्व ठिकाणी प्रोसेसरपासून मोजून दुसऱ्या आणि चौथ्या स्लॉटमध्ये जातात. मॅन्युअलमध्ये त्यांना ए२ आणि बी२ म्हणतात. यामागे कारण आहे. बऱ्याच बोर्डांवर सिग्नलची तार पहिल्या स्लॉटमधून दुसऱ्यात जाऊन संपते. स्टिक अलीकडच्या स्लॉटमध्ये लावली की पुढचं रिकामं टोक लोंबत राहतं, तिथून सिग्नल परत फिरतो आणि चढ्या वेगाला चुका होतात. पहिला-दुसरा किंवा तिसरा-चौथा असे शेजारचे दोन स्लॉट भरले तर त्याहून वाईट: दोन्ही स्टिक एकाच चॅनलवर जातात. एकच स्टिक असेल तर ती ए२ मध्ये.

खाच जुळवा, दोन्ही टोकांवर सारखा दाब द्या. क्लिक ऐकू आलं पाहिजे. काही बोर्डांवर कडी एकाच बाजूला असते, तेव्हा दुसरं टोक अर्धवट राहणं फार सोपं. स्टिकची वरची कड स्लॉटला समांतर आहे ना ते बाजूने बघा.

८. पहिला बूट आणि प्रोफाइल

डीडीआर५, विशेषतः एएम५ वर, पहिल्यांदा सुरू केल्यावर स्क्रीन काही मिनिटं काळीच राहते. पंखे फिरतात, बोर्डावर 'डीरॅम' लिहिलेला दिवा पेटलेला असतो आणि नवखा माणूस घाबरून बटण दाबून बंद करतो. दाबू नका. बोर्ड त्या वेळी मेमरीचं ट्रेनिंग करत असतो, म्हणजे प्रत्येक तारेचा वेळ जुळवत असतो. जीबी जास्त असतील तर वेळही जास्त. पंधरा मिनिटं शांतपणे थांबा.

तरीही काही दिसलं नाही तर या क्रमाने जा: स्टिक काढून पुन्हा घट्ट बसवा, मग ए२ मध्ये एकच स्टिक ठेवून बघा, मग दुसरी तशीच तपासा, मग मॅन्युअलमध्ये दाखवलेल्या पिनांवरून सीमॉस क्लिअर करा, म्हणजे बायोसच्या सेटिंग्ज मूळ स्थितीत न्या.

स्क्रीन आली की आधी बायोसमध्ये सगळे जीबी दिसतात का ते पाहा. नंतर बायोस अपडेट करा. एएम५ वर हे टाळू नका: २०२३ मध्ये काही रायझन ७०००एक्स३डी प्रोसेसर जळाल्यावर नव्या बायोसमध्ये एसओसी व्होल्टेजला (प्रोसेसरमधल्या मेमरी कंट्रोलरच्या भागाला मिळणारं व्होल्टेज) १.३ व्होल्टची मर्यादा घातली गेली, आणि एक्सपो चालू केल्यावर वाढतं ते नेमकं हेच व्होल्टेज. अपडेट झाल्यावरच एक्सएमपी किंवा एक्सपो चालू करा, सेव्ह करा. ट्रेनिंग पुन्हा होईल, पुन्हा थांबा.

विंडोजमध्ये आल्यावर टास्क मॅनेजर, परफॉर्मन्स, मेमरी इथे वेग दिसतो. दोन चॅनल चालू आहेत का ते सीपीयू-झेडच्या मेमरी टॅबमध्ये बघा. डीडीआर५ ची प्रत्येक स्टिक आतून ३२ बिटांच्या दोन उपचॅनलमध्ये विभागलेली असते, त्यामुळे दोन स्टिकवर तिथे '४ गुणिले ३२ बिट' असं दिसलं तर ते ठीकच आहे.

९. चाचणी, आणि ती परत करण्याची मुदत संपण्याआधी

संगणक सुरू झाला म्हणजे मेमरी ठीक आहे असं नाही. सदोष रॅम आठवडाभर गप्प राहते, मग एखादी झिप फाइल उघडत नाही, गेम कारण न देता बंद पडतो, निळी स्क्रीन येते आणि दोष विंडोजला दिला जातो. महत्त्वाची फाइल त्या पीसीवर ठेवण्याआधी मेमटेस्ट८६ हा मेमरी तपासणारा प्रोग्रॅम पेन ड्राइव्हवर टाकून त्यावरून बूट करा आणि प्रोफाइल चालू ठेवूनच चाचणी घ्या. रात्री झोपताना लावली की सकाळपर्यंत चारही फेऱ्या होतात.

चुकांचा आकडा शून्यच हवा. एक चूकही चालवून घेऊ नका. चूक आली तर प्रोफाइल बंद करून चाचणी पुन्हा घ्या. आता शून्य आल्या तर स्टिक कदाचित धडधाकट आहे, फक्त तुमच्या प्रोसेसर-बोर्डाला तो वेग झेपत नाही. प्रोफाइल चालू ठेवून वेग एक पायरी उतरवा, ६००० वरून ५६००, आणि परत तपासा. प्रोफाइल बंद असतानाही चुका येत असतील तर एकेक स्टिक, त्याच ए२ स्लॉटमध्ये, वेगवेगळी तपासा. एकीवरच चुका आल्या तर ती सदोष आहे. दोन्हींवर आल्या तर दुसऱ्या स्लॉटमध्ये लावून बघा, दोष बोर्डाचाही असू शकतो.

बदलून घेताना पूर्ण किट परत करा, एकच स्टिक नाही. बहुतेक कंपन्या तशीच मागतात, आणि जोडी एकत्र तपासलेली हवी हे कारण इथेही लागू आहे. तोवर पाकीट आणि बिल फेकू नका, आणि स्टिकवरचं लेबल किंवा कवच काढू नका, त्याने वॉरंटी जाऊ शकते.